साडी आणल्याशिवाय मॅचिंग नाही

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. कोणी चूक दाखवली की आधी माझे कान तापतात आणि मग जीभ. तरीही एका उन्हाळ्यात एका माणसाने रोज माझ्या चुका दाखवल्या आणि मी रोज सकाळी उठून आपल्या पायांनी त्याच्याकडे गेले. असा माणूस आयुष्यात एकच भेटला, तोही अकोल्याच्या बाजारातल्या एका मॅचिंग सेंटरमध्ये.

मी अमरावतीला शाळेत विज्ञान शिकवते. अठरा वर्षं मराठीतून शिकवलं. मग शाळेने सेमी-इंग्रजी सुरू करायचं ठरवलं आणि एप्रिलमध्ये हेडमास्तरांनी बोलावून घेतलं. म्हणाले, "शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात आठवीवर इंग्रजीतून एक पाठ घेऊन दाखवा. जमलं तर वर्ग तुमचाच. नाही जमलं तर नव्या मॅडम आहेत, तुम्ही इतिहास-भूगोल बघा." इतिहासाशी माझं काही वाकडं नाही. पण आठवीचं विज्ञान म्हणजे माझा जीव होता. लिटमस कागद लाल झाला की पोरांचे जे डोळे होतात, ते दुसऱ्या कोणाला देऊन टाकायची माझी तयारी नव्हती.

शब्दांची अडचण नव्हती. हीट, टेंपरेचर, इफेक्ट, रीझन हे सगळे मला येत होते. अडचण होती ती त्यांच्या शेजारी बसणाऱ्या चिमुकल्या शब्दांची. आपल्याकडे धातूवर, पाण्यात, उष्णतेमुळे असं सगळं नामाच्या शेपटीलाच चिकटलेलं असतं आणि बोलताना आपोआप येतं. इंग्रजीत ते सुटं बसतं, आणि प्रत्येक नामाची आवडनिवड वेगळी. रीझन म्हणजे कारण आणि कॉज म्हणजेही कारण, पण रीझनला फॉर लागतो आणि कॉजला ऑफ. इन्क्रीजला इन हवा, रिप्लायला टू हवा, इफेक्टला ऑन. का, ते कोणी सांगत नाही. मी एक गाइड आणलं, त्यात अशा तीनशे जोड्या होत्या. त्या पाठ करत करत मे महिन्यात माहेरी अकोल्याला आले.

माझं माहेर माळ्याचं. भाऊ भाजी पिकवतो, वहिनी बाजारात विकते. त्या वर्षी भाच्याचं लग्न होतं आणि वहिनीला नव्या साडीवर ब्लाउजपीस हवा होता. मॅचिंग सेंटरच्या गल्ल्यावर एक बाई होत्या आणि आत स्टुलावर त्यांचे सासरे बसले होते. पांढरी दाढी, जाड चष्मा. वहिनी म्हणाली, "मोरपंखी द्या. जरासा काळ्याकडं जानारा."

"साडी आनली का?" म्हाताऱ्याने विचारलं.

"साडी घरी हाय. पन रंग मले पाठ हाय ना."

"पाठ केलेल्या रंगाले मॅचिंग भेटत नाई, बाई. जा, साडी घेऊन या."

वहिनी रस्ताभर फणफणत आली. मीही तिच्या सुरात सूर मिसळला. दुसऱ्या दिवशी साडी घेऊन गेलो तर म्हातारबांनी तीन पीस काढले. मला तिन्ही सारखेच दिसले. ते उठले, साडी आणि तिन्ही पीस घेऊन दुकानाच्या दारात आले आणि उन्हात एकेक पीस पदराला लावून दाखवला. बाहेर आल्यावर एक हिरवट निघाला, एक जांभळट निघाला आणि तिसरा साडीतच मिसळून गेला. "ट्यूबलाइट झूट बोलती," ते म्हणाले, "धूप नई बोलती."

पैसे काढताना माझ्या पिशवीतलं गाइड त्यांना दिसलं. तेव्हा कळलं, की ते उर्दू शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते आणि आता सुनेच्या दुकानात बसत होते. गाइड चाळून त्यांनी मला विचारलं, "रीझनले काय लागते?"

"फॉर."

"काहून?"

"पाठ आहे."

ते इतके हसले, की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. "काल तुमच्या वयनीले काय सांगतलं मी? उद्या दहा वाक्यं घेऊन या. जोडी नको, पुरं वाक्य पायजे. साडी आनल्याशिवाय मॅचिंग नाई."

मी दुसऱ्या दिवशी गाइडमधलीच दहा वाक्यं सुवाच्य अक्षरात उतरवून नेली. त्यांनी दारात उभं राहून दोन वाचली आणि कागद परत दिला. "ही साडी तुमची नाई. दुकानातल्या पुतळ्याची हाय. तुमच्या घरातलं लिवा, शाळेतलं लिवा. खरं लिवा." माझे कान तापले. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं काहीतरी पुटपुटत मी घरी आले आणि तरीही वही उघडली.

मग भावाची वांग्यांमधली आवड, वहिनीने त्याला दिलेलं उत्तर, उन्हाने भेंडीचं केलेलं नुकसान, असं सगळं इंग्रजीत उतरायला लागलं. सर चूक कधी दुरुस्त करत नसत. (तोवर मी त्यांना सर म्हणायला लागले होते.) चुकलेल्या जागी दोन-तीन शब्द एकामागून एक लावून ते वाक्य सावकाश वाचायचे. "हे पाहा. आता हे पाहा. कोनतं बसून राह्यलं?" पहिले दोन दिवस मला काही कळलं नाही. तिसऱ्या दिवशी 'डॅमेज ऑफ भेंडी' कानाला टोचलं आणि 'डॅमेज टू' निवांत बसलं. ते वाक्य माझ्या भावाच्या शेतातलं होतं, त्या भेंडीची करपलेली पानं मी पाहिली होती. कदाचित म्हणूनच असेल, ती जोडी आजतागायत विसरले नाही.

आठव्या दिवशी मी एक वेगळंच वाक्य लिहून नेलं. मला आठवीच्या वर्गाची भीती वाटते, असं. 'फिअर ऑफ' अगदी बरोबर लावलं होतं. सरांनी वाचलं आणि त्या ऑफबद्दल अवाक्षरही काढलं नाही. आत येऊन स्टुलावर बसले आणि विचारलं, "कोन हासलं होतं?"

हसण्याचं मी कुठेच लिहिलं नव्हतं. पण तीस वर्षं पोरं पाहिलेल्या मास्तरांपासून काय लपतं? मग सांगितलं. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी उभी राहून इंग्रजीत एक प्रश्न विचारला होता. सगळा वर्ग हसला, प्राध्यापकही हसले, आणि मी अर्धा प्रश्न तसाच सोडून खाली बसले. त्यानंतर चार माणसांत इंग्रजीचं एक वाक्य मोठ्याने उच्चारलं नव्हतं. नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. सांगता सांगता रडू फुटलं. सुनेने पाणी आणून दिलं आणि गिऱ्हाइकांना जरा वेळाने या म्हणून सांगितलं.

सर म्हणाले, "हासनारे सगळे आपापल्या घरी गेले, बेटा. तुमी एकल्याच त्या वर्गात बसून राह्यल्या."

महिना संपेपर्यंत मी रोज गेले. शेवटच्या आठवड्यात ते मला वाक्यं मोठ्याने वाचायला लावत, पण दुकानाच्या आत, कपड्यांच्या गठ्ठ्यांमध्ये. दारात उभं राहून वाचायचं धाडस मला झालं नाही, आणि त्यांनीही जबरदस्ती केली नाही.

जूनमध्ये पाठ झाला. हेडमास्तर आणि संस्थेचे दोन सभासद मागच्या बाकावर बसले होते. दहा मिनिटं बरी गेली. मग 'इन्क्रीज'पाशी आले आणि डोकं कोरं झालं. तीनशे जोड्यांपैकी एकही जागेवर नव्हती. मागून कोणीतरी खुदकन हसलं. माझे कान तापले, खडू हातात तसाच राहिला आणि खाली बसावंसं वाटलं.

पण मी खिडकीजवळच्या फळ्याकडे गेले, सगळं वाक्य मोठ्या अक्षरात लिहिलं, मधली जागा रिकामी ठेवली आणि तीन शब्द बाजूला मांडले. "मला आत्ता आठवत नाहीये," मी पोरांना मराठीत सांगितलं. "वाचून पाहू. कोणतं बसतं ते तुम्ही सांगा." वर्गाने तीनदा वाचलं. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, इन. बाकीचे टोचतात." मी तिला विचारलं नाही, की टोचतात म्हणजे काय. मला माहीत होतं. आठवीचं विज्ञान माझ्याकडे राहिलं.

दिवाळीत फराळाचा डबा आणि दहा वाक्यांचा कागद घेऊन मी दुकानात गेले. सरांनी कागद डोळ्यांपाशी नेला, दूर धरला आणि मग मांडीवर ठेवून दिला. सून हळूच म्हणाली, "ऑपरेशन झालं, पन फायदा नाई झाला. अक्षर दिसतच नाई आता." ज्या डोळ्यांनी मला उजेड दाखवला, त्यांच्यापुढेच अंधार, हा कुठला न्याय? मला देवाचाही राग आला.

सरांनी कागद माझ्यापुढे धरला. "तुमी वाचा. तिथं, दारात उभं राहून."

बाहेर दिवाळीचा बाजार भरला होता. मी उंबऱ्यात उभी राहिले आणि वाचायला लागले. पहिलंच वाक्य आभाराचं होतं. इंग्रजीत ग्रॅटिट्यूडला दोन शब्द लागतात, माणसाला टू आणि गोष्टीला फॉर. टूच्या पुढे कोण, हे लगेच लिहून झालं होतं. फॉरच्या पुढे काय लिहू, याला मला चार दिवस लागले होते आणि शेवटी मी लिहिलं होतं, 'माय व्हॉइस'.

"जोरात," आतून आवाज आला. "समोरच्या दुकानात ऐकू गेलं नाई."

मी पुन्हा वाचलं, वर्गात वाचते तसं. समोरच्या भांड्यांच्या दुकानातल्या माणसाने मान वर करून पाहिलं. दोन बाया थबकल्या. हसलं कोणी नाही. आणि कोणी हसलं असतं, तरी मी दुसरं वाक्य वाचलंच असतं.