साडूंचं इंजिन

उभ्या खानदेशात माझ्या साडूंइतका रिकामटेकडा आणि तरीही कामात इतका बुडालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. सत्तर साल नुकतंच उलटलं होतं. साडू पाचोऱ्याला कचेरीत कारकून होते. आठवड्याचे सहा दिवस त्यांच्या टेबलावरचा कागद हलत नसे, आणि रविवारी ते मुळीच न हलणाऱ्या एका वस्तूच्या सेवेला जात. एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात वाफेचं एक छोटं इंजिन गंजत उभं होतं. कधीकाळी ते कापसाच्या गाठी स्टेशनापर्यंत ओढायचं. आता चाकांतून बाभळी उगवल्या होत्या आणि बॉयलरच्या भोकात मांजर व्यायलं होतं. मालक ते भंगारात काढणार, हे कळल्यावर साडूंनी त्याच्याकडे इतके खेटे घातले की कंटाळून तो म्हणाला, "दिवाळीपर्यंत बघण्यासारखं करा आणि शाळेच्या पटांगणात न्या. नाहीतर भंगारवाला नेईल."

मग साडूंनी मंडळ काढलं. त्यात एक शिंपी, एक कंपाउंडर आणि दोन शेतकरी. एकानेही आयुष्यात इंजिनावर पाय ठेवलेला नव्हता. शिंप्याने पहिलं काम काय केलं, तर धुराड्याला मापात टोपी शिवली. जाणकार एकटे नाना, रेल्वेतून निवृत्त झालेले फिटर. पण ते बाभळीखाली विडी ओढत बसत आणि "तो बोल्ट नही, तो" एवढंच सांगत.

इंजिनातलं पितळ घासण्यात साडूंच्या घरची वर्षाची चिंच संपली. अक्का, म्हणजे माझी मेव्हणी, पुढे कित्येक दिवस आमसुलावर आमटी करत होत्या. माझ्या पुतणीच्या लग्नात साडू रॉकेलचा वास घेऊन पंगतीला बसले आणि व्याह्यांना पिस्टन समजावून देण्यासाठी त्यांनी मठ्ठ्याच्या पेल्यात वाटी अशी दाबली, की व्याह्यांचा नवा कोट धुवायला टाकावा लागला. मी चिडून साडूंना म्हटलं, "आबा, ते चालणार नाही, शिटी देणार नाही. घासता कशाला?"

ते शांतपणे म्हणाले, "माणूस रिटायर झाला म्हणून त्याची आंघोळ बंद करतात का, भाऊ?"



दिवाळीच्या आधीच्या रविवारी मी जळगावहून पाचोऱ्याला गेलो तो हसायलाच. इंजिनाला हिरवा रंग द्यायचं ठरलं होतं. पाहतो तर निम्मं इंजिन विटकरी. एका मारवाडी दुकानदाराने घरात उरलेल्या रंगांचे डबे दिले होते, आणि त्यातला डबा साडूंनी स्वतः निवडला होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात नानांनी माझा दंड धरून मला बाजूला नेलं.

"काही बोलू नका, भाऊ. बठ्ठासले माहीत शे."

मग सगळ्यांना माहीत असलेलं ते त्यांनी मला हळू आवाजात सांगितलं. साडू तरुणपणी इंजिनावर कोळसा टाकणारा फायरमन व्हायला रेल्वेत गेले होते. बाकी सगळ्यात पास झाले आणि डोळ्यांच्या तपासणीत परत आले. लाल आणि हिरवा त्यांना वेगळा ओळखू येत नसे. वीस वर्षांच्या नात्यात ही गोष्ट त्यांनी मला कधी सांगितली नव्हती.

एवढ्यात साडूच हात पुसत आमच्याकडे आले. "मंडळातले सगळे छान म्हणतात," ते म्हणाले. "पण तुम्ही माझं कधी कौतुक केलं नाहीत, म्हणून तुम्हाला विचारतो. रंग केळीच्या पानासारखा आलाय ना?"

ते इंजिनाकडे बघत नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते.

"आलाय," मी म्हटलं. "अगदी तसाच."

त्यांनी माझ्या हातात ब्रश दिला, आणि उरलेलं इंजिन आम्ही दोघांनी मिळून विटकरी रंगवलं. दिवाळीनंतर बैलजोड्या लावून ते शाळेत नेलं. पुढे काही वर्षांनी साडू गेले. पाचोऱ्यात कुणालाही विचारा, त्याला सगळे अजून हिरवं इंजिनच म्हणतात.