मोठीमायचा आंबवणाचा माठ

आमच्या गावचा दूधवाला एका सकाळी वर्ध्याच्या माझ्या खोलीवर आला आणि सायकल भिंतीला न टेकवता हँडल धरून तसाच उभा राहिला. "मोठीमाय गेली तुही," तो म्हणाला. "झोपीतच..." मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. तिला जाऊन आता काही आठवडे झाले. मला लिहिता येतं असं तिला वाटायचं, म्हणून हे लिहितो आहे.

पुलगावकडच्या आमच्या गावात तिच्याकडे कपिला नावाची गवळाऊ जातीची गाय होती. कपिलेची वासरं दूध तुटायच्या सुमारास हगवणीने जायची. अशी दोन गेली. तिसऱ्या खेपेला मोठबाबांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, सांगून टाकलं, हेही गेलं तर गाय बाजारात न्यायची. त्या दिवशी मोठीमाय जेवली नाही हे मला आठवतं.

मी तेव्हा नुकता कॉलेजात जाऊ लागलो होतो. आमच्या घरातला मी पहिलाच, त्यामुळे वर्गात ऐकलेलं घरी सांगताना जीभ अडखळायची. तरी सांगितलं, की ढेप, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, आंबवून दिली तर तिच्यातली प्रथिनं वासराला पचायला सोपी जातात, असं सर म्हणाले. "म्हंजे आपल्या आंबिलीसारखंच नं?" म्हणत तिने जवसाची ढेप, तुरीची चुरी आणि ताक एका माठात कालवलंही. फक्त धान्याची कोठी लिंपतात तसं माठाचं तोंड शेणमातीने घट्ट लिंपून टाकलं. आत वायू धरेल हे मलाही सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी भर दुपारी फट्ट आवाज झाला, झाकण उडालं आणि ढेप वर छपराच्या कवेलूंना जाऊन चिकटली. मोठबाबा वर बघत म्हणाले, "वासरू राहू दे, हे बाई आधी कवेलूच पोसून राह्यली."

त्यानंतर माठावर नुसतं फडकं असायचं. रोज थोडं आंबवण मागे ठेवून ती त्यात नवी ढेप कालवायची, विरजणासारखी. आणि वासरापुढे ठेवण्याआधी बोटावर घेऊन स्वतः चाखायची. बुरशीचा जरा वास आला की सगळं उकिरड्यावर. मी एकदा म्हटलं, "मोठीमाय, जनावराचं आहे ते."

"लेकराले भरवतो ते आपन चाखत नाई का? मंग याले काऊन नाई? याले तं सांगताही येत नाई."

"मलेही वाढजो थोडं, भाकरीसंग," मोठबाबा ओट्यावरून म्हणायचे.

ते वासरू जगलं. आंबवणानेच जगलं असं ठामपणे म्हणायला मी कचरतो. ती पाण्याचं घमेलंही रोज राखेने घासायची, गोठा कोरडा ठेवायची. पण त्याला हगवण लागली नाही, अंगावर तुकतुकी आली, आणि कपिला बाजारात गेली नाही. तिची पुढची वासरंही त्याच माठावर वाढली.

तेरवी झाल्यावर मी गोठ्यात गेलो. कपिलेचं धाकटं वासरू दूध तुटायच्या बेतात होतं. एवढ्या गडबडीत माठाकडे कोण बघणार... विरजण वाळून गेलं असेल, असं धरूनच मी फडकं सोडलं. आत ढेप ताजी कालवलेली होती. मागून मोठबाबा आले. मला बाजूला सारून त्यांनी बोट बुडवलं, चाखलं, तोंड वाकडं केलं.

"जरा जास्तच आंबलं," ते म्हणाले. "तिच्या हातचं असं नाई राहे..."

मग घमेल्यात काढून घेतलं आणि वासराजवळ जाऊन बसले.