टीव्ही वाटलेली सूर्यचूल

कुळगावहून माझी पाठवणी झाली तेव्हा टेम्पोत कपाट, भांडी आणि गोणपाटात बांधलेली एक चौकोनी पेटी होती. मी रडत होते आणि सासरची मंडळी पेटीकडे बघून खुशीत होती. त्यांना वाटलं, टीव्ही आहे. बाबांनी दोरी आवळली आणि मला म्हणाले, "बाय, उनाकडं तोंड करून ठेव. बाकी काय करायचं नाय."

उल्हासनगरला गोणपाट सुटलं आणि आतून सूर्यचूल निघाली. काळी पेटी, वर काच, झाकणाला आरसा. सासऱ्यांचा चेहरा पडला तो दोन दिवस तसाच. खरं तर माहेरीही तिची किंमत नव्हती. सरकारी योजनेतून आली, पण परसात लाकूडफाटा ढिगाने पडलेला, मग आईने तिच्यात पापड ठेवले. योजनेचा साहेब सांगायचा, या चुलीने बाईचा वेळ वाचतो. वाचलेल्या वेळात बाईने जायचं कुठे, ते मात्र तो सांगायचा नाही.

मला जायला जागा मिळाली. जवळच्या बालवाडीत शिक्षिका हवी होती आणि मी बारावी पास होते. सासऱ्यांनी अट घातली, "साडेबाराला ताट वाढलेलं पाहिजे. एक दिवस चुकलं, की नोकरी बंद." शाळा सुटायची सव्वाबाराला. सून आल्यावर सासूने स्वयंपाक करण्यात सासऱ्यांना अपमान वाटायचा, त्यामुळे तीही वाट बंद. तेव्हा मला पेटी आठवली.

पहिल्या दिवशी डाळ-तांदूळ भरून मी ती गच्चीत ठेवली. सासूबाई म्हणाल्या, "तू जा बिनघोर. मी लक्ष ठेवते."

त्यांनी खरंच लक्ष ठेवलं. आमच्या घरात नवीन वस्तू आली की त्या तिला झालरीचं कव्हर शिवत. रेडिओला कव्हर, मिक्सरला कव्हर. टेलिफोन यायचा होता, कव्हर तयार होतं. एवढी महागाची काच उन्हात उघडी बघून त्यांचा जीव कळवळला. त्यांनी पेटीवर मोर भरलेलं जाड कव्हर घातलं आणि तीन तास शेजारी बसून कावळे हाकलले.

साडेबाराला मी कव्हर काढून झाकण उघडलं. तांदूळ पाण्यात जसेच्या तसे. सासरे ताटावर बसलेले.

"उद्यापासून घरी," सासरे म्हणाले.

तेवढ्यात सासूबाई कव्हर घेऊन पुढे आल्या. "अहो, मीच सूर्याला पांघरूण घातलं. तिची नोकरी का बंद? बंद करायचं तर माझं शिवणकाम करा."

सासरे मोराकडे बघत राहिले. हसू दाबता दाबता त्यांना ठसकाच लागला. त्या दुपारी सगळ्यांनी पोहे खाल्ले.

पुढे गच्ची सासूबाईंचीच झाली. शेजारच्या सिंधी आंटी पातेलं घेऊन यायच्या, "भाभी, हमारी दाल भी रख दो ना." दुपारी कधी उंबऱ्याबाहेर न पडलेल्या सासूबाईंना गप्पांना माणसं मिळाली. पावसाळ्यात ऊन नसलं की त्या सरळ स्टोव्ह पेटवत. तोवर सासऱ्यांना अपमानाची सवय झाली होती.

कुळगावकरांनो, तुम्ही अजून विचारता, तिकडे करमलं कधी? एकदा शाळेत मीटिंग लांबली आणि मी दीड वाजता धापा टाकत जिना चढले. सासरे दारात उभे होते. म्हणाले, "पळतेस कशाला? मी वाढून घेतलं. तुझंपण वाढलंय. जेव आधी."

तेव्हा करमलं.