पाठीवरचं कापड

छावणीतल्या माझ्या शिलाईच्या दुकानात ती एकदाच आली. पिशोरकडची, उंच, तलवारबाजीत देशाकडून खेळलेली. उभी राहिली तरी एक पाय पुढंच, आत्ता झेप घेईल अशी. परवा तिची निवड चाचणी होती आणि खेळायच्या चंदेरी जॅकेटला छातीवर भोक पडलं होतं.

"सुती ठिगळ लावते," मी म्हटलं.

"नको मावशी. हे कापड तारेचं आहे. तलवारीचं टोक टेकलं की दिवा लागतो. सुती ठिगळावर नाय लागणार."

"मग बरंच की! तुला लागलेले वार दिसणारच नाहीत."

ती मोठ्यानं हसली. "पंच आधी तपासतात. अन् नाय तपासलं, तरी मला कळतंच की."

तिनं पिशवीतून जुनं जॅकेट काढलं. पहिल्या परदेशी स्पर्धेतलं, आईनं घरात भिंतीवर टांगलेलं. पुढचं कापड वार झेलून झिजलेलं. धड कापड पाठीवरच होतं, देशाच्या नावाखाली. ते कापवेना, म्हणून मी कात्री घेऊन दुसरी जागा शोधू लागले.

"बघितलंय मी सगळं. कापा."

मी कापलं, तेव्हा मात्र ती रस्त्याकडं बघत होती.

ठिगळ बसल्यावर तिनं खिशातलं छोटं यंत्र त्यावर टेकवलं. दिवा लागला.

"आईला काय सांगशील?"

"जिंकले तर देशाकडून नवं जॅकेट मिळेल, ते टांगीन."

"आणि हरलीस तर?"

"तर हेच. ठिगळासकट."