आलाच नाही, म्हणून जाईना

इंग्रज हा देश सोडून गेले ही बातमी न पटलेला एकच माणूस मी पाहिला, आणि तो आमच्या बीदरच्या कॉलेजात इंग्रजीच शिकवायचा! मी मराठीचा, तो इंग्रजीचा; स्टाफरूममध्ये खुर्चीला खुर्ची. ऐंशी सालानंतर कधीतरी त्याला वसाहतोत्तर अभ्यासाचं वेड लागलं. साहेब गेला तरी त्याचं राज्य आपल्या डोक्यात कसं टिकून आहे, हे शोधायचं शास्त्र. या पठ्ठ्यानं ते स्वतःपासूनच सुरू केलं. टाय गेला, घड्याळ गेलं. चहा काही सुटेना, तेव्हा कपावर राग काढला. आमच्याकडं आला की पितळी पेल्यात उकळता चहा मागायचा, बोटं भाजून घ्यायचा आणि "कप विलायतेचा, चहा आपला" म्हणत फुंकर मारत बसायचा. बिस्किटं पुढं केली की आधी नाक मुरडायचा, मग एकेक बुडवून सगळी संपवायचा. "साम्राज्य न्हाई तर न्हाई, येवढं तरी बुडवू द्या की!"

एकदा मी डिवचलं, "अरे, आपल्याकडं राज्य निजामाचं. तुझ्या चिंताकी गावात गोरा साहेब कधी फिरकला तरी का?" तर उसळून म्हणाला, "आला असता तर गेला बी असता की! आलाच न्हाई, म्हून जाईना."

पुढं कॉलेजात चर्चासत्र ठरलं. निबंध मराठीतच वाचणार, अशी यानं स्टाफरूममध्ये शपथ घेतली. प्राचार्य शांतपणे म्हणाले, "पाहुणे बाहेरचे येणार. नोकरी पक्की व्हायचीय ना? मग इंग्रजीत वाचा." झालं! बिचारा आठवडाभर आमच्याकडं येऊन पेला हातात धरून नुसता बसायचा. चहा गार व्हायचा.

चर्चासत्राच्या दिवशी चिंताकीहून त्याची माय आली आणि थेट पहिल्या रांगेत बसली. यानं मान खाली घालून इंग्रजीत सुरुवात केली. पहिलं पान संपतंय तोच माय मोठ्यानं म्हणाली, "कामून भांडायलास रे त्या लोकासंगं?"

सभागृहात हशा पिकला. यानं मान वर केली. "भांडत न्हाई माय. साहेब गेला, पर आपण अजून त्याच्याच तोंडानं बोलायलोत, हे सांगायलोय."

"मग सांग की आपल्या तोंडानं. मी बसलेय न्हवं ऐकत?"

त्यानं एकवार प्राचार्यांकडं पाहिलं, कागद खिशात कोंबले आणि मराठीत जो सुटला! मध्येच कन्नड, मध्येच उर्दू. पाहुण्यांना किती कळलं देव जाणे, पण आमचे कन्नड बोलणारे प्राचार्य सगळ्यात जास्त टाळ्या वाजवत होते. नोकरी पक्की झाली. त्या संध्याकाळी आमच्या घरातला बिस्किटांचा डबा रिकामा झाला.

माय जाऊन आता काही वर्षं झाली. तो अजून निबंध वाचतो, परगावी गेला तर इंग्रजीतही. मी सोबत असलो की मला भडभडून येतं, कारण पहिलं पान संपलं की तो थांबतो आणि पहिल्या रांगेकडं बघतो. कुणी काही विचारत नाही. मग तो चष्मा पुसतो आणि पान उलटतो.