सोवला आ गया

आमचं घर बनारसच्या रामघाटचं, भिक्षुकीचं. सोवळं मला कुणी शिकवावं लागलं नाही. नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात नर्स झाले, तेव्हा तिथल्या सीनियर नर्सला मीच हौसेनं समजावलं, की आंघोळ करून धूतवस्त्र नेसलं की कुणाला शिवायचं नाही. ती बनारसचीच, हिंदी बोलणारी, माझी जिवाभावाची मैत्रीण. तिला शब्द इतका आवडला की लाडानं ती मलाच ‘सोवला’ म्हणू लागली.

पुढे हात धुण्यावर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे आलं. न सांगता वॉर्डात शिरायचं आणि बाळाला शिवण्याआधी कोण हात धुतं, कोण नाही ते पाहायचं. कधी जाणार हे फक्त तिला ठाऊक असे, कारण तेवढा वेळ माझी बाळं तीच सांभाळायची. आधी सगळा आनंदच होता. मग बघता बघता डॉक्टरांपासून आयाबाईंपर्यंत सगळे नळाशी दिसू लागले. बैठकीत माझं कौतुक झालं आणि मी खुळी फुलून गेले. बाळांना संसर्ग मात्र होतच राहिला.

एक दिवस बाळाला छातीशी धरून बसलेल्या एका आईनं मला अर्थ विचारला, “दीदी, ई सोवला का होला?” मी हसले, कुठे ऐकलंस म्हटलं. तिनं भाबडेपणानं सांगून टाकलं, की मी यायच्या आधी मोठ्या दीदी ‘सोवला आ गया’ म्हणतात आणि मग सगळे हात धुवायला धावतात.

मैत्रिणीनं नाकारलंही नाही. म्हणाली, “तेरा ही तो नाम हो रहा था.” केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. आमच्या घरातला शब्द मी तिला प्रेमानं दिला होता. मला रडूही येईना, इतका संताप झाला.

त्याच आठवड्यात त्या आईचं बाळ दूध घेईनासं झालं, अंग गार पडलं. रक्तात संसर्ग निघाला. मी आणि मैत्रीण बाळाच्या काचेच्या पेटीपाशी असताना त्या आईनं विचारलं, “हमरे हाथ से लगल का?”

मैत्रीण माझ्याआधी बोलली. “हो जाता है. आगे से ध्यान रखना.”

ती बाई नळाशी गेली आणि साबणानं हात घासत राहिली. मी नळ बंद केला आणि मैत्रिणीच्या देखत तिला म्हटलं, “तुम्हारे नहीं, हमारे हाथ से.” तिला ते खरं वाटलं नाही. मान हलवून तिनं पुन्हा नळ सोडला.