तेरा नंबरच्या विमानाचे फिटर

अर्ज लिहिणार: मी स्वतः, सोलापूरच्या कोर्टाच्या आवारात सव्वीस वर्षे टेबल मांडून बसलेला अर्जलेखक, हल्ली मुक्काम मुलीकडे, पॉइंट कुक, मेलबर्न. ज्यांच्या वतीने लिहिला: शेजारचे फिटर आजोबा, वय वर्षे सत्त्याण्णव, आता हयात नाहीत. ज्यांच्यासाठी लिहिला: रेज, टॉम, आल्फ आणि कॉलिन, चौघेही विशीतले, महायुद्धात एका बाँबफेकी विमानातून समुद्रावर गेले ते परतले नाहीत. काळ: साथीमुळे विमाने बंद असल्यामुळे मी सहा महिन्यांच्या व्हिसावर येऊन अडकून पडलो होतो, तो सगळा. साक्षीदार: माझी मुलगी मृणाल, जिने माझ्या प्रत्येक कागदाचे इंग्रजी केले.

फिटर आजोबांची आणि माझी ओळख लिंबांवरून झाली. त्यांनी कुंपणावर कागदी पिशवी ठेवली. मी मोजली तर तेरा लिंबे निघाली. वयामुळे डझनाचा हिशेब चुकला असेल असे समजून मी एक परत ठेवले. त्यांनी ते पुन्हा माझ्याकडे सरकवले आणि म्हणाले, "तेरा म्हणजे तेरा, मेट." मेट म्हणजे इकडे दोस्त. पुढे कळले की त्यांचे घरही तेरा नंबरचे होते. इकडे तेरा अशुभ मानतात; वसाहत नवीन असताना त्या नंबरचा प्लॉट कोणी घेईना, तेव्हा आजोबांनी तो मागून घेतला होता. कारण विचारले की ते आणखी लिंबे तोडायला निघून जात.

मी त्यांना साहेब म्हणत असे, आणि ते त्यांना मुळीच खपत नसे. "साहेब सही करतात. मी नट आवळतो," असे ते सांगत. युद्धात ते उत्तरेकडच्या एका तळावर विमानांचे फिटर होते. आकाशात कधी गेले नाहीत. कोणतीही वस्तू दुरुस्त केली की दहा पावले चालून जायचे आणि परत येऊन तिला हात लावून बघायचे, ही त्यांची जन्माची सवय. आमच्या कपडे वाळत घालायच्या दांडीचा स्क्रू त्यांनी असा तीनदा तपासला. मृणाल म्हणाली, "बाबा, तुम्ही अर्जाची शेवटची ओळ अशीच वाचता."

येथे एक गोष्ट कृतज्ञतापूर्वक नमूद करतो. माझे शिक्षण नववीपर्यंतचे. परंतु माझा अर्ज मुद्देसूद नाही असे आजवर कोणा अधिकाऱ्याने म्हटलेले नाही. तरीही त्या घरात मुलगी-जावई दिवसभर कॉम्प्युटरपुढे मीटिंगमध्ये, आणि मी मात्र बिनकामाचा. फिटर आजोबांनी मला पहिले काम दिले. त्यांच्या दारासमोरची फरशी उखडली होती, तिच्यासाठी कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, पत्र लिहायचे होते. फरशी बसली. त्यानंतर मास्क लावून फिरायला निघालेल्या प्रत्येक शेजाऱ्याला त्यांनी थांबवून ती दाखवली आणि माझ्याकडे बोट करून सांगितले, "याने लिहिलं म्हणून झालं." परदेशात माझा धंदा त्या दिवशी पुन्हा सुरू झाला.

मग बार्शीला माझी आई गेली. त्या दिवसांत तिकडून रोजच कोणीतरी गेल्याचे फोन येत होते. जायला विमान नव्हते. धाकट्या भावाने सगळे केले आणि मी ते मोबाईलवर पाहिले. तेराव्याला मृणालने शिरा केला आणि एक ताटली कुंपणावरून आजोबांना दिली. आज काय विशेष, असे त्यांनी विचारले. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितले की माणूस गेल्यावर तेराव्या दिवशी आमच्याकडे घरात गोड करतात, दुखवटा संपवतात, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळे कामाला लागतात.

आजोबांनी चमचा खाली ठेवला. "म्हणजे तुमच्याकडे तेरा हा चांगला नंबर आहे?"

चांगला म्हणता येणार नाही, मी म्हणालो; पण त्या दिवशी कोणी एकटे जेवत नाही.

ते उभ्या उभ्याच जेवले, ताटली पुसून परत दिली, आणि मग जे कोणाला सांगितले नव्हते ते त्यांनी मला सांगितले.

त्यांच्या विमानाच्या शेपटीवर तेराचा आकडा होता. त्यात बसायला कोणी तयार होईना. आजारपणाची निमित्ते निघू लागली. तेव्हा वरिष्ठांनी हुकूम काढला की आकडा पुसून 'बारा अ' करावा, आणि नोंदवहीतही तसेच झाले. नंतर ते विमान रेज, टॉम, आल्फ आणि कॉलिन यांच्याकडे आले. चौघे हसायला लागले. रेज फिटरला म्हणाला, "त्याचं खरं नाव परत लिही. लपूनछपून उडणाऱ्यातले आम्ही नाही." फिटरने हुकूम नसताना ब्रश घेतला. तिसऱ्या फेरीला ते विमान आले नाही. पुढे टॉमच्या आईचे पत्र आले. अशुभ आकड्याचे विमान म्हणतात ते हेच होते का, एवढेच तिने विचारले होते. आजोबांनी उत्तर लिहिले: नाही, ते 'बारा अ' होते.

आता एक स्मृतिमंडळ त्या तळावरच्या विमानांचा फलक करीत होते. नंबराखाली माणसे, अशी रचना. त्यात तेरा नव्हता. चौघांची नावे 'बारा अ' खाली लागणार होती, म्हणजे टॉमच्या आईला सांगितलेले खोटे आता पितळेत ओतले जाणार होते. लॉकडाऊनमध्ये घरापासून पाच किलोमीटरपर्यंतच जाता येई, आणि मंडळाचे कार्यालय त्या हद्दीपलीकडे होते. नाहीतर ते स्वतः गेले असते. ते मला म्हणाले, "तू लिही."

मी लिहिले, आणि माझ्या धंद्यातल्या माणसाकडूनच होईल अशी चूक केली. प्रतिवादी नसेल तर अर्जाला जोर येत नाही, असा माझा अनुभव. म्हणून ज्यांनी त्या विमानात बसायचे टाळले, त्यांना मी भेकड ठरवून दीड पान खर्ची घातले. मृणालने ते कुंपणाशी उभे राहून वाचून दाखवले. आजोबांनी कागद मागून घेतला आणि दीडच्या दीड पानावर काट मारून परत केला.

"ती पोरं घाबरली होती. मीपण घाबरलो होतो, फक्त मला वर जायचं नव्हतं," ते म्हणाले. "यात कोणाविरुद्ध काही नाही. असलंच तर माझ्याविरुद्ध आहे."

प्रतिवादी नसलेला अर्ज मी आयुष्यात प्रथमच लिहिला. तो पाऊण पानाचा झाला. मंडळाच्या सेक्रेटरीबाईंचे उत्तर सौजन्याचे होते: नोंदवहीत तेरा नाही, तो आकडा पाहणारा कोणी असल्यास त्याचे सहीचे निवेदन हवे. आजोबा आठवडाभर बागेत आले नाहीत. मग आले आणि त्यांनी सांगितलेले मी उतरवले: "तो आकडा मी रंगवला. हुकूम नव्हता. टॉमच्या आईला मी खोटं लिहिलं." सही करायला त्यांना बराच वेळ लागला. मी विचारले, फलकावर फिटर म्हणून तुमचेही नाव मागू का? म्हणाले, "नको. मी जमिनीवर होतो."

मंडळाचे उत्तर अजून यायचे आहे; त्याआधीच ते गेले. अंत्यविधीला दहाच माणसांची परवानगी होती. त्यांच्या पुतण्याने त्या दहांत माझे नाव घातले. सोलापुरात माझा मान मोठा आहे. परंतु एवढा मोठा मान मला कोणी दिलेला नाही.

सबब मंडळास विनंती की, चौघांची नावे तेरा या आकड्याखाली लावावीत. दुसरी विनंती माझी स्वतःची आहे. पक्षकाराने नको म्हटलेली ओळ मी सव्वीस वर्षांत कधी लिहिली नाही, आज लिहितो. चौघांच्या खाली फिटरचेही नाव असावे. ते फिटरच्या हाताच्या भरवशावर उडत होते आणि त्यांनी मागितलेला आकडा त्याने त्यांना दिला, यात लपवण्यासारखे काही नव्हते. तरी जवळजवळ ऐंशी वर्षे ते आजोबांना गुन्ह्यासारखे वाटत राहिले. तो गुन्हा नव्हता, एवढे एका ओळीत, मंडळाच्या सहीने, लेखी कळवावे. आजोबांच्या कागदपत्रांत लावून ठेवण्यासाठी ते पुतण्याकडे पोचवण्याची जबाबदारी माझी.